पॅनोरमा हेड घ्यायचं की नाही, आणि त्याआधीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: २४ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा आहे, ५० मिलिमीटरची लेन्स आहे, एक ७०-२०० झूम आहे आणि ट्रायपॉड बऱ्यापैकी आहे. टेकडीवरून दिसणाऱ्या शहराचा पॅनोरमा (शेजारशेजारचे फोटो जोडून केलेलं रुंद चित्र) काढून तो तीन मीटर रुंद छापायचा आहे. तीन-चार प्रयत्न झाले. कुठे इमारती तुटतात, कुठे आभाळात उभे पट्टे येतात, आणि मोठं करून पाहिलं की सगळं मऊ दिसतं. महागडं पॅनोरमा हेड, म्हणजे लेन्सचा ठरावीक बिंदू जागेवर ठेवून कॅमेरा फिरवणारा ट्रायपॉडवरचा जोडभाग, घेतलं तर हे सुटेल का?

नाही सुटणार. पट्टे आणि मऊपणा या दोन तक्रारींचा हेडशी काही संबंध नाही. इमारती तुटण्याची तिसरी तक्रार हेडकडे नेता येते, पण टेकडीवरून लांबचं शहर टिपताना तीही बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणाने येते.

जोडून केलेल्या छायाचित्रात गोंधळ दोन प्रकारांनी होतो. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत लेन्स जागची हलते, किंवा तेवढ्या वेळात समोरचं दृश्य बदलतं. पहिल्यावर उपकरण विकत मिळतं, म्हणून सगळी चर्चा त्याचीच होते. दुसऱ्यावर विकत काही मिळत नाही. माझे वाया गेलेले पॅनोरमा मोजले तर जवळजवळ सगळे दुसऱ्याच खात्यात जातील.

तरी आधी हेडचं निकालात काढू. हात लांब करून अंगठा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. हाच पॅरॅलॅक्स. कॅमेरा फिरवताना लेन्सचा एक ठरावीक बिंदू जागेवर राहिला तर तो येत नाही. लेन्समध्ये समोरून डोकावलं की अ‍ॅपर्चरचं भोक जिथे असल्यासारखं वाटतं, ती ही जागा. तिचं खरं नाव एन्ट्रन्स प्यूपिल. बोलताना सगळे नोडल पॉइंट म्हणतात, जे प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे, पण आता रुळलंय. ट्रायपॉडचा स्क्रू साधारण सेन्सरच्या आसपास असतो आणि हा बिंदू त्याच्या बराच पुढे. त्यामुळे कॅमेरा फिरवला की बिंदू एका छोट्या कंसावर सरकतो.

किती सरकतो ते मोजून पाहा. धरू या की बिंदू फिरण्याच्या अक्षापासून १० सेंटिमीटर पुढे आहे आणि तुम्ही दोन फ्रेममध्ये २० अंश फिरता. बिंदू साडेतीन सेंटिमीटर हलला. तुमच्या सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सने २ मीटरवरचा कठडा मागच्या शहराच्या तुलनेत सुमारे १४५ पिक्सेल सरकलेला दिसेल. ५० मीटरवरचं झाड सुमारे ६ पिक्सेल. ५०० मीटरवरची इमारत अर्ध्या पिक्सेलच्या जरा वर. २०० मिलिमीटरला तोच कोन चौपट पिक्सेलवर पसरतो, पण तिथे तुम्ही एका वेळी सातच अंश फिरता, म्हणून ५०० मीटरवर चूक पाऊण-एक पिक्सेलच राहते.

म्हणजे तुमच्या चौकटीतली सर्वांत जवळची वस्तू अर्ध्या किलोमीटरपलीकडे असेल, तर हेड घरी ठेवून निघालात तरी चालेल. पायाशी दगड, गवत, कठडा घेणार असाल तर हेडशिवाय गत्यंतर नाही. मधल्या अंतरात कठडा टाळून दोन पावलं पुढे उभं राहणं हा फुकटचा उपाय आहे आणि मी तोच आधी करून बघतो.

हेड घेतलंतच तर बिंदू शोधायला तक्ते धुंडाळू नका. जवळ एक उभी काठी, लांब एक खांब, दोन्ही एका रेषेत. चौकटीच्या डाव्या कडेला दोन्ही एकमेकांआड असतील आणि कॅमेरा फिरवून उजव्या कडेला आणल्यावरही एकमेकांआडच राहिले, तर बिंदू बरोबर अक्षावर आलाय. नसेल तर हेडच्या सरकत्या पट्टीवर कॅमेरा मागे-पुढे सरकवा. झूमच्या प्रत्येक फोकल लेंग्थला ही जागा वेगळी असते, तेव्हा पट्टीवर खुणा करून ठेवा.

मग तुमच्या इमारती तुटल्या कशामुळे? माझा पहिला संशय खिडक्यांवर आहे. सॉफ्टवेअर दोन फ्रेममधले सारखे दिसणारे ठिपके शोधून त्यांच्या जोड्या लावतं. त्यांना कंट्रोल पॉइंट म्हणतात. उंच इमारतीवर एकासारख्या एक शेकडो खिडक्या असतात. अशा वेळी सातव्या मजल्याची खिडकी आठव्याशी जोडली जाऊ शकते, आणि अशा दहा-बारा खोट्या जोड्या झाल्या की अख्खी फ्रेम तिरकी होते. दुसरा संशय हलणाऱ्या गोष्टींवर: ढग, वाहनं, झाडाची पानं, क्रेन. त्यांच्यावर पडलेले पॉइंट सॉफ्टवेअरला खरेच वाटतात. म्हणून जोडणी झाल्यावर प्रत्येक जोडीची चूक किती पिक्सेलची आहे त्या यादीकडे बघा. हगिन आणि पीटीगुई या जोडणीच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही यादी मिळते. सर्वांत वाईट जोड्या एकेक करून उघडा, ढगावरच्या आणि चुकीच्या खिडकीवरच्या काढून टाका, आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा. वीस मिनिटांचं कंटाळवाणं काम आहे, पण तुटलेल्या इमारतींपैकी निम्म्या तिथेच जुळतात.

तिसरा संशय झूमवर. लेन्स जरा खाली झुकवली की काही झूमची नळी आपल्याच वजनाने हळूच सरकते. फोकल लेंग्थ मध्येच १०५ ची १०३ झाली तर तुम्हाला कळणारही नाही, पण जोडणीला कळतं. रिंगवर चिकटपट्टी लावा. फोकसच्या रिंगवरही लावा, कारण बऱ्याच लेन्समध्ये फोकस बदलला की दृश्याची व्याप्तीही थोडी बदलते. मी एकदा ऑटोफोकस बंद करायला विसरलो होतो. चाळीसपैकी एका फ्रेममध्ये कॅमेऱ्याने कोपऱ्यातली जवळची फांदी पकडली आणि मागचं शहर विरघळलं. नेमकी मधली फ्रेम होती ती.

आभाळातले पट्टे हे त्यामानाने सरळ प्रकरण. एक्सपोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरवलेला, आयएसओ ठरवलेला, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). मोजमाप दृश्याच्या सर्वांत उजळ पण तपशील हव्या असलेल्या भागावर करा आणि मग टोकापासून टोकापर्यंत हात लावू नका. पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. निळ्या आभाळाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतं, त्यामुळे रुंद पॅनोरमात आभाळाचा एक पट्टा गडद होतो आणि बाजूला फिकटतो. नंतर हे नीट दुरुस्त होत नाही. लेन्सच्या कडा काळवंडण्याचा दोष मात्र सॉफ्टवेअर सहज काढतं, तो अ‍ॅपर्चर एफ/८ वर असताना तसाही कमीच असतो.

आता मऊपणा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मोठ्या पॅनोरमाचं घोडं इथेच पेंड खातं.

फोकसपासून सुरुवात. हायपरफोकल अंतराचे (जिथे फोकस लावला की अनंतापर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं त्या अंतराचे) तक्ते बहुधा ०.०३ मिलिमीटरचा धूसर ठिपका चालेल असं धरून केलेले असतात. त्या हिशेबाने ५० मिलिमीटर, एफ/८ ला हायपरफोकल अंतर येतं सुमारे साडेदहा मीटर. पण ०.०३ मिलिमीटर म्हणजे तुमच्या सेन्सरवरचे पाच पिक्सेल! एकटा फोटो मध्यम आकारात छापायला ते चालून जातं. तुम्ही तर प्रत्येक पिक्सेल वापरायला निघालात. ठिपका ०.०१ मिलिमीटरचा धरला की तेच अंतर ३१ मीटर होतं, आणि २०० मिलिमीटरला ५०० मीटर. लांबच्या शहरासाठी मी तक्ता बघतच नाही. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र, पूर्ण मोठा करून मध्यम अंतरावरच्या एखाद्या अँटेनावर किंवा पाटीच्या अक्षरांवर हाताने फोकस लावतो, एक फोटो काढून लांबची कड तपासतो, आणि रिंग टेप करतो. एफ/११ च्या पलीकडे जाऊ नका. एवढ्या बारीक पिक्सेलवर विवर्तनाचा (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरण्याचा) मऊपणा तिथून डोळ्याला जाणवू लागतो.

मग कंप. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट, आरसा असेल तर आधी वर. मधला दांडा उचलू नका. कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात घाला, तो वाऱ्यावर फडफडला की २०० मिलिमीटरला लगेच दिसतो. गच्चीवरून काढत असाल तर एक न सुचणारी गोष्ट: लोकांनी चालणं थांबवावं लागतं, त्यात तुम्हीही आलात. प्रत्येक फ्रेमला फिरवल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं आणि पाय हलवायचे नाहीत. संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक शटर वापरताना जपा, एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने फ्रेममध्ये आडवे पट्टे येऊ शकतात.

हे सगळं करूनही मऊ आलं तर दोष हवेचा. तापलेल्या जमिनीवरून आणि छपरांवरून वर चढणारी हवा प्रत्येक किरण थोडा थोडा वाकवते. पाच किलोमीटरवरच्या इमारतीची कड मोठ्या केलेल्या लाइव्ह व्ह्यूमध्ये पाण्यातल्या प्रतिबिंबासारखी थरथरताना दिसेल. त्याच्यावर लेन्स, हेड, मेगापिक्सेल कशाचाही इलाज चालत नाही. दुपारी २०० मिलिमीटरने काढलेला पॅनोरमा कधी कधी सकाळी १०० ने काढलेल्यापेक्षा कमी तपशील देतो, फाइल मात्र चौपट. सूर्योदयाच्या आसपास, पाऊस पडून हवा धुतली गेल्यावर, किंवा जमीन थंड असताना काढा. कॅमेरा लावल्यावर मी पहिली पाच मिनिटं फक्त लाइव्ह व्ह्यूत लांबची कड बघत बसतो. ती उकळत असेल तर लेन्स बदलतो किंवा घरी जातो. शिकायला बरीच वर्षं लागली, मुख्यतः घरी जायला.

आणि आता ज्याच्यासाठी विकत काही मिळत नाही ते: वेळ. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने सॅन फ्रान्सिस्कोचा ३६० अंशांचा पॅनोरमा १३ मोठ्या काचांवर काढला. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत प्रत्येक काचेवर द्राव लावायचा, ओली असतानाच एक्सपोज करायची आणि वाळण्याआधी धुवायची. म्हणजे पहिल्या काचेपासून तेराव्यापर्यंत सूर्य सरकणारच, सावल्या फिरणारच. आपल्याकडे द्राव नाही, पण २०० मिलिमीटरने भरपूर ओळी घेत बसलो की आपली अवस्थाही त्याच्याहून फार वेगळी राहत नाही.

कोणत्या लेन्सने किती फ्रेम होतात पाहा. समजा ६० अंश रुंद आणि ३० अंश उंच दृश्य २०० मिलिमीटरने घ्यायचंय. कॅमेरा आडवा, एका फ्रेममध्ये सुमारे १०.३ गुणिले ६.९ अंश, शेजारच्या दोन फ्रेममध्ये ३० टक्के भाग सामाईक (ओव्हरलॅप). आठ स्तंभ, सहा ओळी, ४८ फ्रेम, आणि जोडल्यावर सुमारे ६०० मेगापिक्सेल. हाताने फिरवत, थांबत, कंप विरू देत हे करायला पंधरा मिनिटं सहज जातात. तेवढ्यात ढगांच्या सावल्या अख्खी वस्ती ओलांडतात.

तुम्हाला हवंय काय, तर तीन मीटरची प्रिंट. दृश्य १२० अंशांचं धरा. झूम ८५ वर ठेवा, कॅमेरा उभा करा. एका फ्रेमची रुंदी १६ अंश, ३० टक्के ओव्हरलॅपने ११ फ्रेम, एकच ओळ. जोडलेलं चित्र सुमारे २९,७०० पिक्सेल रुंद येतं, म्हणजे तीन मीटरवर इंचाला २५० पिक्सेल. उंची ६,००० पिक्सेल, कडा छाटून ५५ सेंटिमीटरच्या आसपास. वेळ एक मिनिट, आणि मिनिटभरात प्रकाश फारसा बदलत नाही. संधिप्रकाशात, जेव्हा आभाळ निळं असतं आणि दिवे नुकते लागलेले असतात, तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो, कारण तिथे दर मिनिटाला उजेड उतरत असतो. प्रिंटच्या आकारावरून कमीत कमी लागणारी फोकल लेंग्थ काढा आणि तिथेच थांबा. लोक नेमकं उलटं करतात: हाताशी असलेली सर्वांत लांब लेन्स आधी लावतात आणि मग सावल्या जुळवत बसतात.

खरोखरच अनेक ओळी लागणार असतील तर क्रम स्तंभाने घ्या: वरून खाली, मग बाजूला सरकून पुन्हा वरून खाली. असं केलं की शेजारच्या कुठल्याही दोन फ्रेममधलं अंतर एका स्तंभाच्या वेळेपलीकडे जात नाही. ओळीने घेतलं तर वरची ओळ सुरू झाल्यावर खालची तिच्या शेजारी येईपर्यंत अख्खी फेरी मारावी लागते आणि मधेच ऊन-सावलीची रेघ उमटते. रस्त्यावरची रहदारी एका दिशेने असेल तर तिच्या विरुद्ध दिशेने फिरा. तिच्याबरोबर फिरलात तर तोच ट्रक तीन फ्रेममध्ये येऊन बसेल. वर्दळीच्या जागी एकाच कोनात दोन-तीन फ्रेम जास्तीच्या काढून ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये मास्क रंगवून अर्धी बस काढून टाकता येते. पाण्याच्या लाटा मात्र कधीच जुळत नाहीत. तिथे ओव्हरलॅप ५० टक्के ठेवा आणि जोड नावेच्या किंवा किनाऱ्याच्या कडेने जाऊ द्या.

नुसत्या आभाळाच्या फ्रेममध्ये जोडायला काहीच नसतं. एका ओळीत काम करताना प्रत्येक फ्रेममध्ये थोडी जमीन राहील असं बघा. अनेक ओळींच्या वेळी मी आभाळ वेगळं, ५० मिलिमीटरने एका दमात घेतो आणि शहर लांब लेन्सने. दोन लेन्सच्या फ्रेम एकाच प्रोजेक्टमध्ये चालतात, आणि आभाळात तपशील असा असतोच किती?

ट्रायपॉडबद्दल एक चूक फार दिसते. बॉल हेडवर कॅमेरा समतल केला जातो, पण फिरवणारी तबकडी बॉलच्या खाली असते आणि ती तिरकीच राहते. मग कॅमेरा फिरवला की क्षितिज चढायला लागतं. आधी तबकडीचा पाया समतल करा, पाय कमी-जास्त करून किंवा लेव्हलिंग बेस लावून. सॉफ्टवेअर क्षितिज सरळ करून देईल, पण वरखाली जो भाग चौकटीबाहेर गेला तो परत देणार नाही.

प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल फिरून टिपलेलं दृश्य सपाट कागदावर पसरण्याच्या पद्धतीचं, थोडक्यात. रेक्टिलिनिअरमध्ये सरळ रेषा सरळ राहतात, पण कडा ताणल्या जातात: मध्यापासून ४५ अंशांवर दुप्पट, ६० अंशांवर चौपट. म्हणून १२० अंशांना ते हास्यास्पद दिसतं. ८०-९० पर्यंत ठीक. सिलिंड्रिकलमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात आणि आडव्या वाकतात. लांबच्या शहराला, डोंगररांगेला तेच योग्य. समोरूनच रस्ता आडवा जात असेल तर तो धनुष्यासारखा वाकेल. तिथे पॅनिनी प्रोजेक्शन करून बघा. अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार पॅनिनी प्रशस्त वास्तूंची दृश्यं रंगवायचा, त्याच्यावरून हे नाव. शेवटी दोन-तीन इमारतींच्या कोपऱ्यांवर उभ्या रेषेचे पॉइंट द्या, म्हणजे मनोरे झुकणार नाहीत.

सॉफ्टवेअर कोणतं, यावर मी वाद घालत नाही. हगिन फुकट आहे आणि हेल्मुट डेर्श यांच्या पॅनोरमा टूल्सवर उभं आहे. पीटीगुईत मास्क आणि मोठ्या फाइली सोप्या जातात. रॉ कन्व्हर्टरमधलं एका बटणाचं मर्ज तुमच्या ११ फ्रेमला बहुधा पुरेल, फक्त कंट्रोल पॉइंट हाताने सुधारता येत नाहीत. सगळ्या रॉ फाइलींना एकच सेटिंग लावा, शार्पनिंग जोडणीनंतर.

फाइल साठवताना मर्यादा आधी लक्षात घ्या. जेपेगची एक बाजू ६५,५३५ पिक्सेलपलीकडे जात नाही. साधी टिफ ४ गिगाबाइटला अडते: ते ६०० मेगापिक्सेलचं चित्र १६ बिटमध्ये तीन चॅनेलचं असताना ३.६ गिगाबाइटचं, कसंबसं मावणारं. अल्फा चॅनेल जोडला की ४.८, मग नाही मावत. अशा वेळी बिगटिफ किंवा पीएसबी हे मोठ्या फाइलींचे प्रकार वापरा.

प्रिंटला देण्याआधी चित्र १०० टक्क्यांवर ठेवून डावीकडून उजवीकडे, ओळीने, पूर्ण बघा. कंटाळा येतो, मलाही येतो. पण तारा, कठडे, छपरांच्या कडा जिथे जोडाला आडव्या जातात तिथे एखादी पायरी हमखास राहिलेली असते, आणि तीन मीटरच्या भिंतीवर ती पहिल्यांदा पाहुण्यालाच दिसते.

मूळ रॉ आणि प्रोजेक्ट फाइल दोन्ही जपून ठेवा. माझ्या एका जुन्या संचातला दूरचा मनोरा वर्षानुवर्षं कमरेत तुटलेला होता. मी दोष कायम हेडवर टाकत आलो. मागे एकदा तोच प्रोजेक्ट पुन्हा उघडला, तर मनोऱ्यापाशी लागलेल्या कंट्रोल पॉइंटपैकी चार शेजारच्या ढगावर बसलेले निघाले.